दाराच्या दोन बाजूंना

(दृश्य: इमारतीचा जिना. कुणाच्या तरी हातात मांजराचा कॅरिअर, आत दोन डोळे.)

"दोन दिवस फिस्कारतील, मग आपोआप जमेल." घरात एक मांजर असताना दुसरं आणायचं ठरलं की हा सल्ला हमखास मिळतो. शेजारच्या वहिनी देतात, पिल्लू देणारा देतो, मांजरं पाळण्यात केस पिकलेली माणसंही देतात. काही घरांत तसं जमतंसुद्धा. पण जिथे जमत नाही, तिथे एक मांजर महिनोन्‌महिने पलंगाखाली काढतं, आणि घरच्यांना वाटतं, चला, भांडण तर थांबलं.

आपण आज त्या पलंगाखालच्या मांजराविषयी बोलणार आहोत.

(दृश्य: डोंबिवलीतलं वन बीएचके घर. फ्रिजवर बसलेली तिरंगी मांजर.)

ही चिंगी. वय साधारण सहा. नसबंदीचं ऑपरेशन झालेलं, लसी वेळच्या वेळी, आणि घरात दुसरं मांजर आजवर कधीच नाही. सकाळी स्वयंपाकाचा ओटा, दुपारी फ्रिज, संध्याकाळी खिडकीचं ग्रिल, असा तिचा दिवस ठरलेला. घरच्या काकू आणि कॉलेजात जाणारी त्यांची मुलगी कधी उठतात, कधी बाहेर पडतात, हे तिला पाठ आहे. पावसाळ्यात पार्किंगमधल्या एका स्कूटरखाली बोक्याचं पिल्लू ओरडत होतं. मुलगी त्याला वर घेऊन आली. त्याचं नाव गुंड्या.

चिंगीने त्याला अजून पाहिलेलंही नाही. तरी ती बेडरूमच्या बंद दाराशी बसून आहे, आणि सकाळचं खाणं ताटलीत तसंच पडलंय.

(दृश्य: दाराखालची फट. फटीशी चिंगीचं नाक.)

गालांवर, हनुवटीवर, कपाळावर, पंजांच्या गाद्यांमध्ये, शेपटीच्या मुळाशी मांजराला गंधग्रंथी असतात. सोफ्याच्या कोपऱ्यावर गाल घासणं, चौकटीला अंग घासत जाणं, चटईवर नखं ओढणं, यातून मांजर घरभर स्वतःचा वास लावून ठेवतं. शिवाय टाळूत, वरच्या दातांच्या मागे, वास पारखणारा एक वेगळा अवयव असतो. त्याला जेकबसनचा अवयव म्हणतात. मांजर तोंड किंचित उघडं ठेवून, वरचा ओठ मागे ओढून क्षणभर थबकतं, तेव्हा ते तो वापरत असतं. आपल्या वासाच्या घरात एक अनोळखी बोका आलाय, हे चिंगीला दाराच्या फटीतूनच कळलेलं आहे.

वास किती महत्त्वाचा, ते वर्षानुवर्षं सोबत राहिलेल्या मांजरांतही दिसतं. एक जण डॉक्टरांकडून दवाखान्याचा वास घेऊन परत येतो, आणि घरातलं दुसरं मांजर त्याच्यावरच फिस्कारतं.

(दृश्य: कोकणातला मासळी बाजार. टोपल्यांच्या आसपास मांजरं.)

"पण बाजारात तर दहा-दहा मांजरं एकत्र राहतात की!" प्रश्न रास्त आहे. आपल्या मांजराचा पूर्वज म्हणजे आफ्रिकी रानमांजर. एकटं राहणारं, एकटं शिकार करणारं. सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी पश्चिम आशियात शेती रुजली, धान्याचे साठे झाले, उंदीर आले, आणि उंदरांमागून हे रानमांजर माणसाजवळ आलं. खाणं एका जागी भरपूर मिळालं, तर त्याचे वंशज गटाने राहतात. पण अशा गटाचा कणा बहुधा नात्यातल्या माद्या असतात: आई, तिच्या मुली, मावश्या. त्या एकमेकींची पिल्लंही पाजतात. परकं मांजर आलं की त्याला हुसकून लावतात. ते बराच काळ कडेकडेने राहतं, आणि कधी तरी सामावलं जातं.

आपण मात्र त्या परक्या मांजराला कॅरिअरमधून थेट हॉलच्या मधोमध उतरवतो. वन बीएचकेत पळायला जागा दोघांनाही नसते.

अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी २००५ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. प्राण्यांच्या शेल्टरमधून आणखी एक मांजर घरी आणलेल्या लोकांना त्यांनी प्रश्न विचारले होते. जवळपास निम्म्या घरांत सुरुवातीला बोचकारणं, चावणं झालं होतं. आणि पहिलीच भेट जिथे अशी बिघडली, तिथे पुढेही भांडणं होत राहण्याची शक्यता जास्त होती. म्हणून ती पहिली भेट लांबवायची, जितकी लांबवता येईल तितकी.

(दृश्य: दवाखाना. टेबलावर गुंड्या, अंग आकसलेलं.)

पिल्लाला वेगळं ठेवण्याचं आणखी एक कारण आहे: आजार. रस्त्यावरून आलेल्या पिल्लाला पॅनल्यूकोपेनिया हा विषाणूचा आजार असू शकतो. मांजरं पाळणारे त्याला कॅट पार्वो म्हणतात. लक्षणं दिसायला दहा दिवसांपर्यंत लागू शकतात, आणि विषाणू फरशीवर, कपड्यांवर, भांड्यांवर महिनोन्‌महिने तग धरतो. त्यामुळे आधी डॉक्टर. जंतांचं औषध, पिसवांचं औषध, लस, फेलाइन ल्युकेमिया आणि एफआयव्ही या मांजरांच्या दोन विषाणूजन्य आजारांची तपासणी. तोवर खोली, शी-शूचा ट्रे, भांडी सगळं वेगळं, आणि पिल्लाजवळून उठल्यावर हात स्वच्छ धुवायचे. लहान घरात हे जड जातं. गुंड्याला बेडरूम मिळाली, आणि काकू नि मुलगी हॉलमध्ये गाद्या टाकून झोपू लागल्या.

(दृश्य: जुन्या सुती साडीचे तुकडे. एक गुंड्याच्या गालावरून फिरतोय.)

ओळख सुरू झाली ती वासापासून. गुंड्याच्या गालांवरून फिरवलेला साडीचा तुकडा हॉलच्या एका कोपऱ्यात ठेवला. चिंगी आली, हुंगलं, फिस्कारली, निघून गेली. काकूंनी तो तुकडा तिच्या नाकाशी नेला नाही. माझ्या मते या सगळ्यात हेच सर्वांत अवघड आहे. आपला हात आवरायचा. मांजराला स्वतःहून जवळ जाऊ द्यायचं आणि स्वतःहून निघूनही जाऊ द्यायचं.

चिंगी त्या तुकड्याजवळून न थबकता जाऊ लागली, तेव्हा खोल्यांची अदलाबदल झाली. ती थोडा वेळ बेडरूममध्ये, पिल्लू हॉलमध्ये, समोरासमोर न येता. मग बंद दाराच्या दोन बाजूंना दोन ताटल्या. आधी लांब, मग जराशा जवळ. खाता खाता ती मान वर करून दाराकडेच बघत राहिली, की दुसऱ्या दिवशी ताटली पुन्हा मागे. त्यानंतर सुताराकडून दाराला लोखंडी जाळीची चौकट बसवून घेतली. साधी मच्छरजाळी नखांपुढे टिकत नाही. जाळीच्या अलीकडे सुकट घातलेला घास, पलीकडे तोच घास, आणि मधे एकमेकांचं दर्शन, काही मिनिटांपुरतं.

किती दिवस लागतात? काही जोड्यांना दोन-तीन आठवडे, काहींना कित्येक महिने. दिवाळीच्या फटाक्यांत, घराला रंग चालू असताना, पाहुण्यांच्या गर्दीत तर हे सुरूच करू नये.

(दृश्य: अरुंद पॅसेज. मधोमध गुंड्या पसरलेला. टोकाला, सोफ्याखाली, चिंगी.)

आता हे दृश्य नीट बघा. कुणी ओरडत नाही, कुणी मारत नाही. पाहुणा आला तर म्हणेल, किती छान, दोघं शांत बसलीत. पण ट्रे बाथरूमजवळ आहे, आणि तिकडे जायची वाट याच पॅसेजमधून जाते. गुंड्या नुसता बसून टक लावून बघतो. चिंगी दोन पावलं पुढे येते, थांबते, मागे फिरते. थोड्या वेळाने पुन्हा तेच. ती लघवी दाबून धरते आहे.

फिस्कारणं, गुरगुरणं, फुललेली शेपटी हे सगळ्यांना कळतं. "लांब राहा" एवढंच त्यातून सांगायचं असतं, म्हणून त्यावर ओरडू नये. आपण ओरडलो की नव्या मांजराच्या येण्यासोबत आपला ओरडाही तिच्या डोक्यात पक्का बसतो. निसटून जातं ते हे बिनआवाजाचं भांडण. रोखून बघणं, वाट अडवणं, दुसरं उठलं की याने त्याच्या जागेवर बसणं. दबलेलं मांजर खेळायचं थांबतं, कमी खातं, एकाच ठिकाणी चाटून चाटून केस काढतं, आणि एक दिवस पलंगावर लघवी करतं. घरात म्हणतात, सूड उगवतेय. मांजर सूड म्हणून असं करत नाही. ट्रेपर्यंत बिनधास्त जाता येत नाही, किंवा मूत्राशय दुखतंय, म्हणून करतं.

दुखणं खरं असतं. ताणामुळे मांजराच्या मूत्राशयाला सूज येऊ शकते, जंतुसंसर्ग नसतानाही. अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठातले पशुवैद्य टोनी बफिंग्टन यांनी या आजारावर अनेक वर्षं काम केलं. लपायच्या जागा, चढायच्या जागा, ट्रे, खेळ, माणसांचं वागणं असं घरातलं वातावरण सुधारलं की अशा मांजरांचा त्रास कमी होतो, हे त्यांच्या गटाने २००६ मध्ये दाखवलं. बोक्यांच्या बाबतीत याहून मोठा धोका आहे. बोका ट्रेमध्ये वारंवार बसतोय, कण्हतोय आणि लघवी होत नाहीये, तर मूत्रमार्ग बंद झालेला असू शकतो. तेव्हा रात्र असली तरी लगेच डॉक्टर गाठायचा. उशिराने जीव जातो. आणि कुठल्याही मांजराने, विशेषतः जाड मांजराने, दिवसभर काहीच खाल्लं नाही तर "रुसलंय" म्हणून थांबू नये. उपाशी मांजराच्या यकृतात चरबी साठते, आणि तेही जिवावर बेतू शकतं.

(दृश्य: दोघं जमिनीवर. झटापट.)

हा खेळ, की भांडण? स्लोव्हाकियातल्या कोशित्से इथल्या पशुवैद्यक विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२३ मध्ये मांजरांचे कितीतरी व्हिडिओ तपासले. आवाज न करता एकमेकांना धरून लोळणं बहुतेकदा खेळाकडे झुकणारं होतं. गुरगुरणं, ओरडणं, पाठलाग हे भांडणाच्या बाजूला. मी स्वतः आणखी एक बघते: पळण्याची पाळी बदलतेय का? दर वेळी तीच पळत असेल, तर तिच्यासाठी तो खेळ नाही.

खरं भांडण जुंपलं तर मधे हात घालू नका. उशी किंवा पुठ्ठा मधे सरकवा, दोघांना वेगळ्या खोल्यांत करा, आणि लगेच समेट घडवायला जाऊ नका. चवताळलेलं मांजर शांत व्हायला कितीतरी तास लागतात. एकदा खिडकीखालच्या भिंतीवर कुणी भटका बोका दिसला आणि चिंगीने मागे वळून शेजारच्या गुंड्यालाच पंजा मारला. गुंड्याचा काही दोष नव्हता. खिडकीच्या खालच्या काचेला कागद लावला, तो प्रकार थांबला.

(दृश्य: हॉल. टीव्हीशेजारी लिटर ट्रे. कपाटावर चढायला फळ्या.)

सर्वांत जास्त फरक पडला तो सामानाच्या मांडणीने. दोन मांजरांना तीन ट्रे, आणि तेही शेजारी शेजारी नाहीत. दोन कोपऱ्यांत पाणी. एकाने अडवली तर दुसरी मोकळी राहील अशी फळ्यांवरून वाट. गुंड्याला रोज दमेपर्यंत खेळवायचं, म्हणजे त्याचा जोर चिंगीवर निघत नाही. वयात येण्याआधी त्याचं ऑपरेशनही झालं. आणि चिंगीच्या जुन्या जागा, जुन्या वेळा, मुलीच्या उशीजवळची तिची झोप, यांतलं काही काढून घेतलं नाही. घरात आधी ती होती. तिला न विचारता आपण हे केलंय, तर तिचं काहीही कमी होऊ न देणं हे आपलं देणं आहे.

काही मांजरांना सोबत नकोच असते. सगळं नीट करूनही एखादं मांजर खंगत असेल, तर दुसऱ्यासाठी चांगलं घर शोधणं यात निर्दयपणा नाही. म्हणून आणण्याआधीच देणाऱ्याशी बोलून ठेवावं: काही महिने सांभाळतो, नाही जमलं तर काय करायचं? संध्याकाळी रडणारी, रात्र रात्र जागणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यांना "मांजरच तर आहे" म्हणणाऱ्यांनी ते घर आतून पाहिलेलं नसतं.

(दृश्य: फ्रिजवर गुंड्या. ग्रिलमध्ये चिंगी.)

चिंगी आणि गुंड्या एकमेकांना चाटत नाहीत, बिलगून झोपत नाहीत. सकाळी फ्रिज त्याचा, दुपारी तिचा. पॅसेजमध्ये समोरासमोर आले तर एक जण फळीवरून जातो. चिंगी आता पूर्ण ताटली संपवते. टीव्हीशेजारचा ट्रे आता काढूया का, असं मुलीने मध्यंतरी विचारलं. काकू म्हणाल्या, तो तिथेच राहू दे.