गुडघ्यावरून वय

(पहाट. उशीशेजारी चार्जिंगला लावलेला मोबाईल.)

हा फोन स्वीडनमध्ये एकट्याने आश्रय मागणाऱ्या एका अफगाण मुलाचा, रात्रभर असाच चालू असतो, आवाज फुल. वकिलाचा कॉल येईल नाहीतर घरून, आणि आईने विचारलं की ठरलेलं उत्तर, जेवलो, शाळेत गेलो, मस्त चाललंय.

स्वीडन. २०१५ मध्ये या एका देशात ३५ हजारांहून जास्त मुलांनी एकट्याने येऊन आश्रय मागितला, सोबत आईबाप नाहीत की दुसरं कोणी मोठं नाही. त्यातली निम्म्याहून जास्त अफगाण. प्रत्येकाला एक कायदेशीर पालक मिळतो, त्याला तिथे 'गूद मान' म्हणतात, शब्दशः भला माणूस. ऐकायला छानच वाटतं. पण तो मिळतो अठरा पूर्ण होईपर्यंतच, त्यामुळे सगळं येऊन अडतं ते वयावर.

(टेबलावर घडी पडलेला कागद.)

हा तझकिरा, अफगाण ओळखपत्र. यावर कित्येकदा जन्मतारीख नसतेच, अमुक साली चेहऱ्यावरून इतक्या वर्षांचा दिसतो एवढंच लिहिलेलं. म्हणजे तिकडे पण अंदाजच, आणि स्वीडनच्या आश्रय-ऑफिसात त्याला फारशी किंमत नाही.

(एमआरआयची खोली. मशीनचा आवाज थोडा वेळ तसाच राहू दे.)

म्हणून २०१७ पासून हे. अक्कलदाढेचा एक्सरे आणि गुडघ्याचा एमआरआय. मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाला कूर्चेचा एक पट्टा असतो, वाढ थांबली की तो भरून जातो, स्क्रीनवर ती बारीक रेघ दिसतेय ना, तीच. रेघ गेली की हाड मोठं झालं, आणि हाड मोठं तर मुलगा मोठा! आता ही रेघ काही मुलांची अठराच्या आधीच जाते हे डॉक्टरांनाही माहितीय, यावरून तिथे भरपूर वाद झाले, तरी पहिल्या वर्षी तपासलेल्यांपैकी बहुतेकांचा रिपोर्ट 'अठरा किंवा जास्त' असाच आला. तपासणीची सक्ती नाही म्हणे. पण आपण लहान आहोत हे पटवून द्यायचं ओझं त्या मुलावरच, मग नाही कोण म्हणणार?

गुडघ्याला मशीन आहे, झोपेला नाही. रात्री झोप येते का, स्वप्नं कसली पडतात, हे अर्जाच्या कुठल्याच रकान्यात येत नाही.

(रिकामा बेड. गुंडाळलेली गादी.)

अठरा ठरला की पालक जातो, खोली जाते, बऱ्याचदा गावही बदलतं आणि शाळा सुटते, काहींनी तर निर्णयाची वाट बघता बघता जीव दिला.

(परत एमआरआयची खोली.)

आत गेल्यावर करायचं काही नसतं, पडून राहायचं, पाय हलवायचा नाही. आवाज एवढा की कानाला हेडफोन लावतात. एकजण म्हणाला, त्या दिवशी मला तिथेच झोप लागली, बाहेर काढायला उठवावं लागलं.