शकुंतलेची रिकामी घरं

(दृश्य: मूर्तिजापूर स्टेशन. गाडी सुटते, पलीकडचं यार्ड दिसू लागतं.)

मुंबई-हावडा मार्गावरची गाडी मूर्तिजापूरला थांबते, माणसं चढतात-उतरतात, गाडी निघून जाते. ती गेली की पलीकडे गवतात बुडालेले बारके रूळ दिसतात. दोन रुळांमध्ये जेमतेम अडीच फूट. ही शकुंतला नावाच्या छोट्या गाडीची वाट.

एक फांदी वर अचलपूरला जायची, 76 किलोमीटर. दुसरी कारंजा, दारव्हा करत यवतमाळला, 113 किलोमीटर. किलिक निक्सन कंपनीने इंग्रजी अमदानीत ही लाईन टाकली ती वऱ्हाडच्या कापसासाठी. वावरातला कापूस जिनात, जिनातून गाठी मालधक्क्यावर, तिथून मुंबईचं बंदर आणि पुढे मँचेस्टर. गाडी ओढणारं वाफेचं इंजिनसुद्धा 1921 साली मँचेस्टरलाच घडलेलं. 15 एप्रिल 1994 ला ते उतरवलं आणि डिझेल आलं.

देशातल्या रेल्वे सरकारी झाल्या, तरी ही लाईन कंपनीच्याच नावावर राहिली. गाडी रेल्वेने चालवायची आणि कंपनीशी करार करत राहायचं, असा मामला. डागडुजी मागे पडत गेली, गाडीचा वेग उतरत गेला. आधी यवतमाळची गाडी थांबली, मग अचलपूरची. 2016 मध्ये तेव्हाचे रेल्वेमंत्री सुरेश प्रभू यांनी ही लाईन ब्रॉडगेज, म्हणजे रुंद रुळांची, करायची घोषणा केली. गाडी परत यावी म्हणून लोकांनी आंदोलनं केली, आणि त्यांची मागणी रास्तच आहे. पण रुळांकाठच्या घरांसाठी अजून फारसं कुणी बोललेलं नाही.

(दृश्य: वाटेवरचं एक लहान स्टेशन. कॅमेरा तिकीटखिडकीवर.)

या खिडकीशी जरा थांबू. हात जाईल एवढंच भोक. खालची फरशी मधोमध खोलगट झाली आहे. वर छप्पर आहे, पाऊस इथवर येत नाही. ही झीज नाण्यांची आणि बोटांची. बाजाराला निघालेली बाई, माहेरी चाललेली लेक, कोर्टाच्या तारखेला जाणारा म्हातारा, सगळ्यांनी इथे पैसे सरकवले. पुढे रेल्वेची माणसं कमी झाली. सात जणांनी मिळून तिकिटं, सिग्नल, डबे जोडणं-सोडणं, सगळं ओढून न्यायचं, असे दिवस आले. मग खिडकी बंद आणि तिकीट गाडीतच.

पुढे फाटकाजवळ गेटमनची खोली. एक दार, एक खिडकी, आणि दोन्ही रुळांकडे तोंड केलेली. आत भिंतीत कोनाडा आहे, त्याच्या वर काजळीचा लांबट डाग. कंदील तिथे असायचा.

(दृश्य: भिंतीतली तिरपी भेग.)

ही घरं पडतात कशी, तेही बघण्यासारखं आहे. इथली जमीन काळी. पावसाळ्यात ती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पाया दर वर्षी थोडा हलतो. घरात माणूस असला की मृगाच्या आधी छपराचे कवेलू फेरले जातात, जोत्याजवळचं पाणी काढून दिलं जातं, विटांच्या सांध्यांत चुन्याचा दर्जा भरला जातो. माणूस गेला की दोन-चार पावसाळ्यांत पिंपळ भिंतीत शिरतो. आणि कुणी कळकळीने सिमेंट थापलं, तर ओल आतच कोंडते आणि जुनी वीट भुगा होते. चुन्याला चुनाच लागतो.

ब्रॉडगेजचे रूळ पाच फूट सहा इंचांवर असतात. वळणं मोठी लागतात, फलाट उंच लागतात, नवी लाईन कधी गावाबाहेरूनही जाते. अशाच बारक्या रुळांच्या बार्शी लाईट रेल्वेचं काय झालं ते आपण पाहिलं आहे. लातूरची गाडी शहराबाहेरच्या नव्या स्टेशनावर गेली, आणि शहरात उरला एक पत्ता: 'जुनी रेल्वे लाईन'. तिथे लहानाची मोठी झालेली पोरं तो पत्ता लिहितात. रूळ त्यांनी पाहिलेले नाहीत.

म्हणून इथे जेसीबी यायच्या आधी काम करायला हवं. मला वाटतं, त्याला फार पैसा लागणार नाही. एक टेप, एक वही, मोबाइल. जवळच्या अभियांत्रिकी आणि वास्तुकला महाविद्यालयांतल्या मुलांनी एकेक स्टेशन वाटून घ्यावं, भिंती, दारं, मालधक्का, विहीर, सगळं मापून नकाशे काढावेत. दारव्ह्याला, दर्यापूरला, अंजनगावला रुळांची डागडुजी करणाऱ्या गँगमध्ये सब्बल चालवलेली माणसं असतील, त्यांना सोबत न्यावं. कोणत्या खोलीत काय असायचं, हे नकाशात दिसत नाही. ते त्यांनाच ठाऊक.

(दृश्य: संध्याकाळ. गेटमनच्या खोलीच्या दारात शेतकरी.)

या खोलीत आता शेजारच्या वावरातली फवारणीची टाकी आणि डवऱ्याचं जू ठेवतात. शेतकरी रोज संध्याकाळी दार ओढून घेतो, कडीला तार गुंडाळतो. गाडी बंद झाल्यापासून या घराची जी काही राखण झाली आहे, ती एवढीच.