ॲपमधलं ॲव्हरेज आणि टाकीतलं डिझेल

मंडळी, वरुड-मोर्शीकडून संत्रा भरून नागपूरला कळमन्याच्या बाजारात जाणाऱ्या पिकअप इथल्या बऱ्याच जणांच्या आहेत. हल्ली स्टिअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटला (इंजिनची माहिती देणारा जोड) छोटंसं यंत्र खोचलं की मालकाला मोबाइलवर ॲव्हरेज दिसतं. त्या आकड्यावरून ड्रायव्हरचा पगार कापला जातो, डिझेल काढल्याचा आळ येतो. माझा आक्षेप त्याला आहे.

बरीच ॲप्स एअरफ्लो सेन्सरवरून हवा मोजतात आणि एक किलो इंधनाला 14.7 किलो हवा धरून तिला 14.7 ने भागतात. पेट्रोलला ते चालतं, कारण तिथे ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, साधारण तेच प्रमाण राखतो. डिझेल इंजिन मात्र हवा भरपूर ओढतं आणि ताकद कमी-जास्त करतं ती डिझेलच्या मापाने. भरल्या गाडीने चढ चढताना हे प्रमाण 20 च्या आसपास असतं; गाडी नुसती स्टार्ट उभी असेल तर 60 च्याही पुढे जाऊ शकतं. दोन लिटरचं इंजिन 800 आरपीएमला तासाला 45 किलोच्या आसपास हवा ओढतं असं धरा. 14.7 ने भागलं की 3 किलो डिझेल, म्हणजे साडेतीन लिटरच्या वर. खरं जळतं ते लिटरभराच्याही आत! बाजाराच्या गेटवर तासभर गाडी स्टार्ट राहिली, तर ॲपच्या हिशेबात अडीच लिटरच्या वर घोळ झालाच. त्यात ईजीआर कधी जास्त, कधी कमी धूर परत आत सोडतो, म्हणून चूकही एकसारखी राहत नाही.

चिखलदऱ्याहून परतवाड्याकडे उतरताना बघा. गाडी गिअरमध्ये, ॲक्सिलरेटरवरचा पाय काढलेला. ईसीयू इंजेक्टर बंद ठेवतो, डिझेल शून्य. हवा मात्र चालूच, आणि ॲप डिझेल मोजतंच आहे.

ईसीयूकडून इंजेक्शनचं माप मिळत असेल तर हिशेब बराच सुधारतो. चार सिलिंडर, 2000 आरपीएम, म्हणजे मिनिटाला 4000 फवारे. दर फवाऱ्याला 15 मिलिग्रॅम धरले तर तासाला 3.6 किलो, सुमारे 4.3 लिटर. ताशी 60 ने 14 च्या जवळपास ॲव्हरेज. पण हे ईसीयूने मागितलेलं माप आहे. इंजेक्टर झिजून जास्त सोडत असेल तरी आकडा तोच दिसतो.

म्हणून पडताळा टाकीवरच घ्या. तोच पंप, तेच नोझल, सपाट जागा, पहिल्या ऑटो कटला थांबायचं. भरण्यात अर्ध्या लिटरचा फरक पडला, तर 10 लिटरवर 5 टक्के चूक होते, 40 लिटरवर सव्वा टक्का. तेव्हा तीन-चार टाक्यांची बेरीज धरा, पंपावरच्या लिटरला ॲपच्या लिटरने भागा आणि तो गुणक ॲपमध्ये टाका. हवेवर चालणाऱ्या ॲपला भरल्या गाडीचा गुणक रिकाम्या फेरीला लागू पडत नाही. तो जाऊन-येऊन अख्ख्या फेरीचाच काढा. आणि टाकी भरताना ड्रायव्हरलाही शेजारी उभं करा. पावती दोघांनी वाचायची, वहीत दोघांनी सही करायची. पगाराचं बोलणं त्यानंतर.