दहा लाखांत न मावणारं जंगल

राम राम मंडळी, कसा शेतस सर्वा?

माझं बालपण धुळे जिल्ह्यातल्या पांझरा नदीच्या काठी गेलं. आमच्याकडे फडाचं पाणी होतं. ज्या मुलांनी फड पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगते: नदीवर बंधारा, त्यातून काढलेला पाट आणि पाटाखालच्या जमिनीचे फड. एका फडात सगळ्यांचं एकच पीक. पाटकरी पाणी फिरवायचा. पाणी कमी असलं की कोणता फड कोरडा ठेवायचा, हे गाव बसून ठरवायचं. प्रत्येकाची थोडी थोडी जमीन वेगवेगळ्या फडांत असायची, म्हणून झळ एकट्या कुणाला लागत नसे. नदीत किती आहे ते बघूनच हात घालायचा, ही शेकडो वर्षांची रीत.

आता सरकारी कागदावर निसर्गाचं मोल रुपयांत येतं. आपल्याकडे वनजमीन दुसऱ्या कामाला घ्यायची तर तिचं ‘निव्वळ वर्तमान मूल्य’, म्हणजे त्या जंगलापासून पुढे मिळणाऱ्या फायद्यांची आजची किंमत, भरावं लागतं. २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलेले दर हेक्टरी ४.३८ लाख ते १०.४३ लाख रुपये होते. हा हिशेब हवाच, नाहीतर जंगल फुकटात जाईल. पण भरलेल्या पैशाने त्या गावच्या विहिरीचा झरा परत येत नाही. जैवविविधतेवरच्या आयपीबीईएस या आंतरराष्ट्रीय मंचाने २०२२च्या अहवालात हेच बजावलं: धोरणं बाजारभावाकडे फार बघतात, माणसाचं निसर्गाशी असलेलं नातं बाजूला राहतं.

ते नातं बघायचं तर आपल्याच धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात, बारीपाड्याला जा. एकेकाळी उजाड झालेलं सुमारे ४०० हेक्टर जंगल या आदिवासी पाड्याने राखून परत उभं केलं. कुऱ्हाडबंदी गावाने केली, तोडणाऱ्याला दंडही गावानेच लावला. ओढ्यांवर बांध घातले, विहिरींना पाणी आलं, कामासाठी गाव सोडून जाणं कमी झालं. या कामाचे अग्रणी चैत्राम पवार यांना २०२५ साली पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा मला घरच्या माणसाचा सत्कार झाल्यासारखं वाटलं. तिथे रानभाज्यांची पाककृती स्पर्धाही भरते. पाड्यावरच्या बायकांना ज्या भाज्या ओळखता येतात, त्या कुठल्या दरपत्रकात बसवणार?

माझ्या आईला कर्टुल्याचा वेल कुठल्या बांधावर सापडतो ते ठाऊक होतं. मला फक्त चव ठाऊक आहे. या श्रावणात मी लेकीला घेऊन साक्रीकडे निघाले आहे. कुणाला मुलांसह सोबत यायचं असेल, तर जेवणानंतर मला भेटा.