चिनाबच्या तळाशी

जम्मूच्या रियासी जिल्ह्यात चिनाब नदीवर सलाल हे धरण उभे आहे. त्याच्या भिंतीत अगदी खाली सहा तळद्वारे ठेवली होती. साचलेला गाळ पाण्याच्या जोरावर खाली लोटून देणे, एवढेच त्यांचे काम. ती कायमची बुजवावीत, असे एप्रिल 1978 मध्ये भारत आणि पाकिस्तान यांच्यात ठरले. तेव्हा भारताचे परराष्ट्रमंत्री अटलबिहारी वाजपेयी होते आणि शेजाऱ्याशी संबंध सुधारण्याचे ते दिवस होते. चिनाब मात्र हिमालयातून अतोनात गाळ घेऊन येते, आणि त्या गाळाला पुढे जायला वाटच उरली नाही. परिणामी वीजनिर्मिती सुरू झाल्यावर थोड्याच वर्षांत जलाशय गाळाने जवळजवळ भरून आला. 690 मेगावॅटचे हे केंद्र आजही चालते, पण पाठीशी म्हणावा असा साठा नाही. नदी जेवढे देईल तेवढ्यावरच ते चालते.

22 एप्रिल 2025 रोजी पहलगाममध्ये दहशतवाद्यांनी 26 जणांना ठार केले. दुसऱ्याच दिवशी मंत्रिमंडळाच्या सुरक्षाविषयक समितीने सिंधू जलकरार स्थगित ठेवण्याचा निर्णय घेतला आणि सीमेपलीकडील दहशतवादाला दिला जाणारा पाठिंबा पाकिस्तान विश्वासार्ह आणि कायमस्वरूपी रीतीने सोडत नाही तोपर्यंत ही स्थगिती राहील, असे सांगितले. त्यानंतर देशभर चर्चा झाली ती पाण्याची. गाळाविषयी फारसे कोणी बोलले नाही, आणि आमच्या मते या निर्णयाचे खरे मोल तिथेच मोजावे लागेल.

कराराची मांडणी थोडक्यात अशी आहे. 19 सप्टेंबर 1960 रोजी कराचीत जवाहरलाल नेहरू आणि अयूब खान यांनी त्यावर सह्या केल्या. मध्यस्थ जागतिक बँक होती. रावी, बियास आणि सतलज या पूर्वेकडील नद्या भारताला मिळाल्या, तर सिंधू, झेलम आणि चिनाब या पश्चिमेकडील नद्यांचे पाणी, काही ठरावीक वापर वगळता, पाकिस्तानकडे गेले. पश्चिमेकडील नद्यांतून वर्षाला सुमारे 135 दशलक्ष एकर-फूट पाणी वाहते. हा आकडा आपल्या ओळखीच्या मापात आणला, तर तो 5,800 टीएमसीच्या पुढे जातो, म्हणजे कोयनेसारखी पन्नासहून अधिक धरणे काठोकाठ भरतील एवढे ते पाणी आहे. त्यातून भारताला साठवण्याची मुभा आहे 3.6 दशलक्ष एकर-फुटांची, म्हणजे जेमतेम दीड कोयना, आणि तेवढीही साठवण आपण आजवर उभारलेली नाही.

म्हणूनच पाकिस्तानला पाण्याचा एक थेंबही जाऊ देणार नाही, हे जलशक्तिमंत्री सी. आर. पाटील यांचे तेव्हाचे विधान निर्धार म्हणून समजून घेता येते. योजना म्हणून मात्र ते टिकत नाही. पावसाळ्यात फुगलेली चिनाब अडवायला लागणारी धरणे आज अस्तित्वात नाहीत, आणि डोंगराच्या अरुंद घळीत, भूकंपप्रवण पट्ट्यात ती पाच-दहा वर्षांत उभी राहणार नाहीत. पाणी अडवण्याच्या घोषणेवर टाळ्या मिळतात, पण ती खरी करून दाखवता आली नाही की समोरच्याला आपली मर्यादाही नेमकी कळते.

मग स्थगितीने भारताच्या हाती आले तरी काय? आमच्या दृष्टीने तीन गोष्टी आल्या: माहिती, वेळ आणि दरवाजे. करारानुसार नवा जलविद्युत प्रकल्प हाती घेण्याच्या किमान सहा महिने आधी त्याचा आराखडा पाकिस्तानला द्यावा लागे, त्यावर हरकती येत, हरकतींतून तंटा उभा राहत असे आणि तंट्यात वर्षे जात. झेलमवरील तुलबुल या जलवाहतूक प्रकल्पाचे काम 1987 मध्ये असेच थांबले. आता आराखडे कळवण्याचे बंधन भारत मानत नाही, आणि 1,856 मेगावॅटच्या सावलकोट प्रकल्पासारखी दशकानुदशके कागदावर पडून राहिलेली कामे पुढे सरकू लागली आहेत.

दरवाजांची गोष्ट याहून बोलकी आहे. पश्चिमेकडील नद्यांवरच्या जलाशयांचा मृतसाठा, म्हणजे एरवी वापरात न येणारा तळाचा साठा, कधी भरायचा, याचेही वेळापत्रक करारात दिलेले आहे. चिनाबसाठी ते 21 जून ते 31 ऑगस्ट असे आहे, कारण तेव्हा नदीला पाणी भरपूर असते आणि थोडे अडवल्याने खालच्या शेतकऱ्याचे बिघडत नाही. मे 2025 च्या सुरुवातीला मात्र चिनाबवरच्या बगलिहार आणि सलाल या दोन्ही धरणांत जलाशय धुऊन काढण्याचे, म्हणजे गाळासह रिकामा करून पुन्हा भरण्याचे, काम झाल्याचे वृत्त आले आणि त्याच सुमारास पाकिस्तानातील मराला येथे चिनाबचा प्रवाह एकाएकी घटला. खरिपाच्या पेरणीचा तो हंगाम होता. वर्षाच्या हिशेबात पाणी तेवढेच गेले असेल. पण पेरणीच्या आठवड्यात ओढून धरलेले आणि नंतर एकदम सोडलेले पाणी शेतकऱ्याच्या कामाचे नसते. वरच्या अंगाच्या देशाची ताकद किती पाणी अडवतो यापेक्षा ते कधी सोडतो, यात अधिक असते.

गाळाच्या या एकाच प्रश्नावर करारातील यंत्रणांनी दोन वेगवेगळी उत्तरे दिली, हेही इथे सांगितले पाहिजे. बगलिहारच्या वादात तटस्थ तज्ज्ञ रेमंड लाफित यांनी 2007 मध्ये खालच्या पातळीवरील दरवाजांना मान्यता दिली आणि गाळाची व्यवस्था आजच्या अभियांत्रिकीनुसार व्हावी, असा कौल दिला. झेलमच्या उपनदीवरील किशनगंगा जलविद्युत प्रकल्पाच्या प्रकरणात लवाद न्यायालयाने 2013 मध्ये मृतसाठ्याच्या पातळीखाली पाणी उतरवून जलाशय धुण्यास, अनपेक्षित आणीबाणी वगळता, मनाई केली. करार बदलावा, अशी नोटीस भारताने जानेवारी 2023 मध्ये आणि पुन्हा ऑगस्ट 2024 मध्ये दिली होती, ती या अनुभवातून. पहलगामच्या आधीच ही तक्रार रास्त होती, आणि ती दहशतवादाच्या प्रश्नापासून वेगळी काढूनही मांडता येते.

कायद्याच्या बाजूने भारताची वाट सरळ नाही. दोन्ही सरकारांनी दुसरा करार करून हा संपवावा तोवर तो लागू राहील, असे त्याचे बारावे कलम म्हणते. एकतर्फी बाहेर पडण्याची किंवा स्थगितीची तरतूद त्यात नाही. लवाद न्यायालयाने जून 2025 मध्ये आपला अधिकार कायम असल्याचे सांगितले, आणि भारताने ते न्यायालयच बेकायदा ठरवून निकाल फेटाळला. पाकिस्तानने पाणी वळवणे म्हणजे युद्धाची कृती, असे म्हटले आहे.

इथे एक अप्रिय गोष्ट आठवते. रावीचे पाणी करारानेच पूर्णपणे आपले आहे, त्यासाठी कोणालाही विचारायचे नव्हते. तरी शाहपूरकंडीच्या धरणाची पायाभरणी 1995 मध्ये झाली, पंजाब आणि जम्मू-काश्मीर यांच्या वादात काम अडले आणि जलाशय भरायला 2024 उजाडले. तोवर आपल्या हक्काचे काही पाणी सीमेपार वाहतच राहिले, आणि त्याचा दोष इस्लामाबादला देऊन मोकळे होण्यासारखे नव्हते.

दिल्लीचे शब्द ढाका आणि बीजिंगमध्येही वाचले जातात. बांगलादेशाबरोबरच्या गंगा पाणीवाटप कराराची तीस वर्षांची मुदत डिसेंबर 2026 मध्ये संपते. ब्रह्मपुत्रेच्या वरच्या प्रवाहावर, तिबेटमध्ये, चीनने जुलै 2025 मध्ये महाकाय जलविद्युत प्रकल्पाचे काम सुरू झाल्याचे जाहीर केले. त्या नदीवर आपण खालच्या अंगाला आहोत. 2017 च्या पावसाळ्यात, डोकलाममध्ये भारत-चीन सैन्यांचा तणाव चालू असताना, चीनकडून ब्रह्मपुत्रेच्या पुराची माहिती आली नव्हती, आणि ती माहिती देण्याच्या सामंजस्य कराराची मुदत 2023 मध्ये संपली. आसामच्या माणसासाठी त्या आकड्यांचा अर्थ घर सोडण्यापूर्वी हाती मिळणारे काही तास एवढा आहे.

ऑगस्ट 2025 मध्ये जम्मूत तवी नदीला पूर आला. करार स्थगित होता आणि दोन्ही बाजूंच्या जलआयुक्तांमधला संपर्क बंद होता. तरी पाणी वाढत असल्याची सूचना भारताने इस्लामाबादमधील उच्चायुक्तालयामार्फत, मानवतेच्या भूमिकेतून, पाकिस्तानला पाठवली.