हळद, स्टेम सेल आणि गुडघ्यातली गादी: किती चमचे घेऊ?

नमस्कार मंडळी! कमेंटमध्ये सध्या एकच पालुपद चाललंय: 'हळदीने स्टेम सेलची कूर्चा बनते म्हणे, मग रोज किती चमचे घेऊ?' एका काकांनी तर अख्खा फॉरवर्ड चिकटवलाय, लाल बाणांसकट.

मूळ गोष्ट पटकन. कूर्चा म्हणजे गुडघ्यातली गादी. तिच्यात रक्तवाहिन्या नसतात, म्हणून झिजली की धड भरून येत नाही. अस्थिमज्जेतल्या किंवा चरबीतल्या स्टेम सेलपासून, म्हणजे वेगवेगळ्या पेशींत बदलू शकणाऱ्या मूळ पेशींपासून, कूर्चेच्या पेशी घडवता येतात, आणि वनस्पतींतले घटक तिथे मदत करतात का, हे प्रयोगशाळेत तपासतात. झालं.

आता माझं डोकं फिरतं ते प्रमाणावरून. प्रयोगशाळेतल्या प्लेटमध्ये कर्क्युमिन, म्हणजे हळदीतला मुख्य घटक, थेट पेशींवर सोडतात, बरेचदा 5 मायक्रोमोलर (द्रवात किती विरघळलंय ते मोजायचं एकक) किंवा जास्त. तोंडाने घेतलं तर? 2001 सालच्या एका चाचणीत माणसांना रोज 8 ग्रॅम कर्क्युमिन दिलं, तेव्हा रक्तात सरासरी जेमतेम 1.77 मायक्रोमोलरपर्यंत पोचलं. हळदीत कर्क्युमिन साधारण 3 टक्के. करा हिशेब, त्या 8 ग्रॅमसाठी रोज पाव किलोहून जास्त हळद! माझ्या सासूबाई वर्षाच्या लोणच्यालाही एवढी घालत नाहीत.

बरं, हे झालं रक्तातलं. कूर्चेत रक्त जातच नाही. सांध्यातल्या द्रवातून झिरपेल तेवढंच तिचं.

आणि प्लेटमधल्या पेशी काही एकट्या हळदीवर जगत नाहीत हो! त्यांना टीजीएफ-बीटा नावाचं वाढीचं प्रथिन, डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड, व्हिटॅमिन सी हे सगळं बहुधा आधीच दिलेलं असतं. हळद वरून. फॉरवर्डमध्ये मात्र फोटो फक्त हळकुंडाचा!

'मॅडम आयुर्वेदविरोधी' लिहिणाऱ्यांनो, थांबा. कर्क्युमिनने गुडघेदुखी कमी झाल्याचं छोट्या चाचण्यांत दिसलंय, ते मी नाकारत नाही. पण दुखणं कमी होणं वेगळं आणि गादी परत उगवणं वेगळं. या दोन गोष्टींची खिचडी करूनच डबे विकले जातात.

'मिरपूड घालून घेतली तर?' हाही प्रश्न आलाय. मिरीतलं पिपरीन कर्क्युमिनचं शोषण वाढवतं, खरंय. पण ते इतर काही औषधांचंही प्रमाण रक्तात वाढवू शकतं. हळदीचं दूध खुशाल प्या. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल, तर कर्क्युमिन-पिपरीनची कॅप्सूल डॉक्टरांना दाखवल्याशिवाय घेऊ नका.