पट्टी कोणती, ब्लेझ?

नमस्कार मंडळी, रेडिओचा आवाज आधीच थोडा कमी करून ठेवा, नंतर घरच्यांची बोलणी खाल आणि नाव माझं घ्याल. आज ब्रिटनचा हेवी मेटल बँड आयर्न मेडन, आणि त्यातही तो अल्बम ज्याचं नाव काढलं की निम्मे फॅन्स नाक मुरडतात, 1995 चा 'द एक्स फॅक्टर'.

झालं असं की 1993 ला ब्रूस डिकिन्सन बँड सोडून गेला आणि त्याच्या जागी आला ब्लेझ बेली, वुल्फ्सबेन बँडचा गायक, हा बँड आधी मेडनच्याच टूरवर त्यांच्या अगोदर वाजवायचा म्हणजे माणूस काही अनोळखी नव्हता. पण ब्रूस तारसप्तकात सुखाने राहणारा आणि ब्लेझचा आवाज खालचा, जाड, जरा घोगराच. आपल्याकडे गल्लीतल्या गणपतीत गायचं असलं तरी पेटीवाला आधी विचारतो, पट्टी कोणती? इथे जुनी गाणी ब्रूसच्याच पट्टीत राहिली, गिटारचे सूर कुणी खाली उतरवलेच नाहीत, आणि हा बिचारा रोज रात्री स्टेजवर टाचा उंच करून वरचे सूर पकडतोय. घसा बसला, शो कॅन्सल झाले, आणि खापर कुणावर? त्याच्यावरच.

पण अल्बममधली गाणी ऐका ना. तिथे तो स्वतःच्या घरात आहे. बासवाला आणि बँडचा कर्ताधर्ता स्टीव्ह हॅरिस, त्याचा तेव्हा संसार मोडत होता, त्याच्याच घरच्या स्टुडिओत रेकॉर्डिंग, त्यामुळे सत्तर मिनिटं नुसता काळोख भरलाय, युद्ध, देवावरची शंका, एकटेपणा. असल्या गाण्यांना ब्रूसची ती झळाळती तान शोभली असती का? मला नाही वाटत. हां, साउंड कोरडा आहे, ते कबूल, आणि मधली दोनतीन गाणी गाळली असती तरी कुणाचं काही अडलं नसतं.

ब्रिटनमध्ये आधीचा 'फिअर ऑफ द डार्क' एक नंबरला गेलेला, हा आठवर थांबला. 1998 ला ब्लेझचा अजून एक अल्बम आला आणि 1999 ला ब्रूस परत, विषय संपला. 2008 च्या 1 फेब्रुवारीला मेडनने टूर सुरू केली ती थेट आपल्या मुंबईतून, बीकेसीला, बहुतेक सगळी ऐंशीच्या दशकातली गाणी वाजवली, ब्लेझच्या काळातलं एकही नाही.

पण गंमत बघा, 2001 ला रिओमध्ये अफाट गर्दीपुढे ब्रूसनेच 'साइन ऑफ द क्रॉस' गायलं, याच अल्बममधलं, आणि ते रेकॉर्डिंग ऐकून लोक म्हणायला लागले अरे गाणं भारी आहे की! भारी होतंच हो, आधीपासूनच.

तेच लावतोय आता, ब्लेझचंच ओरिजिनल, अकरा मिनिटांचं. सुरुवातीला चर्चमध्ये बसल्यासारखं वाटेल, स्टेशन बदलू नका.